दाण्यांच्या ढिगात उभं राहून भूक लागली म्हणणारं पिल्लू

चिमण्यांची पिल्लं फीडरवर, म्हणजे पक्ष्यांसाठी दाणे ठेवतो तिथे, यायला लागली! इतके दिवस भिंतीच्या फटीतून नुसती चिवचिव ऐकू यायची, आता स्वतः हजर आहेत, आणि मी आज सगळी कामं बाजूला ठेवून खिडकीशी बसले. मोठे पक्षी तर येतच असतात, तेही आवडतात मला, पण पिल्लांची गोष्टच वेगळी.

ओळखायला एकदम सोपी. रंग सगळ्यांचा आईसारखा मातकट तपकिरी, चिमणा असो की चिमणी, गळ्याखालचा काळा डाग अजून कुणालाच नाही, पण चोचीच्या दोन्ही कोपऱ्यांना पिवळी किनार असते आणि तिच्यामुळे ती कायम रुसल्यासारखी दिसतात. शेपूट आखूड, डोक्यावरची मऊ पिसं उभी, आणि बसली की अंग फुगवून बसतात.

आजचं सगळ्यात भारी दृश्य म्हणजे एक पिल्लू चक्क बाजरीच्या ताटलीत मधोमध उभं होतं. पायाखाली दाणे, आजूबाजूला दाणे, आणि हे पंख थरथरवत तोंड वासून बापाकडे बघून ओरडतंय की मला दे मला दे. बापाने त्याच्याच पायाजवळचा एक दाणा उचलला, सोलला, आणि त्याच्याच तोंडात घातला! मग पुन्हा तेच. म्हणजे त्या पिल्लाच्या हिशेबात खाणं जमिनीवर नसतंच, ते चोचीतून येतं, आणि बरोबरच आहे ना, अंड्यातून बाहेर आल्यापासून त्याने दुसरं काही बघितलंच नाहीये. घरट्यात साधारण दोन आठवडे काढायचे, तोंड उघडायचं आणि घास यायचा, एवढंच त्याचं जग. तिथे तर दाणेसुद्धा फार मिळत नाहीत, सुरुवातीला आईबाप मुख्यतः अळ्या, किडे, मावा (झाडांवरची बारीक कीड) असलंच आणून भरवतात, कारण अंग आणि पिसं इतक्या झपाट्याने वाढायला प्रोटीन लागतं. त्यामुळे बाजरी हा प्रकार त्याला जवळजवळ नवीनच.

एक पिल्लू तर समोरून जाणाऱ्या कुठल्याही मोठ्या चिमणीपुढे पंख थरथरवत होतं, ओळखीची असो नसो. कुणी लक्ष दिलं नाही. मला वाईट वाटलं, पण दोन मिनिटांत त्याची आई आली आणि घास भरवून गेली, मग मी पण निवांत.

बाहेर आल्यावरचे हे एक-दोन आठवडे मला फार आवडतात, कारण एरवी शिकणं असं डोळ्यासमोर दिसत नाही कुणाचं. आज सकाळी त्याच ढिगातल्या पिल्लाला बाप भरवत होता, दुपारी मात्र तो नुसता लांब सरकत होता, पिल्लू मागे मागे, बाप अजून पुढे, मध्येच तो स्वतः दाणा खाऊन दाखवतो असं मला वाटतं, मुद्दाम दाखवत नसेलही पण पिल्लू बघत होतं हे नक्की. मग त्याने खाली टोच मारली. काडी आली. टाकली. पुन्हा टोच, टरफल आलं. मग एक दाणा चोचीत आला आणि पडला, परत उचलला, परत पडला. दाणा चोचीत बरोबर धरून फिरवत त्याचं टरफल काढायचं हे मोठ्या चिमण्या इतकं सहज करतात की त्यात काही कौशल्य आहे हे माझ्या लक्षातच नव्हतं आलं, ते आज या पिल्लामुळे कळलं. शेवटी एक दाणा गेला आत. मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

उडणं जमतं त्यांना, उतरणं जमत नाही. पंखांची मोठी पिसं अजून पूर्ण वाढलेली नसतात, मग फीडरच्या कडेवर उतरताना अंदाज चुकतो, फडफड करून कशीबशी पकड घेतात नाहीतर थेट गवतात. गवतात पडलेलं पिल्लू दिसलं की आपला जीव कळवळतो आणि हात पुढे जातो, पण पिसं आलेली असतील आणि टुणटुण उड्या मारत असेल तर त्याला तिथेच राहू द्यावं, आईबाप जवळच असतात आणि खालीसुद्धा येऊन भरवतात. मांजर वगैरे आसपास असेल तर उचलून जवळच्या झुडपात ठेवायचं, बस. माणसाचा हात लागला की आई टाकून देते असं आपण लहानपणापासून ऐकतो, ते खरं नाहीये.

यातली बरीचशी पिल्लं पहिलं वर्षसुद्धा पूर्ण करत नाहीत हे मला माहितीये, आणि म्हणूनच जमेल तेवढं नीट करायचं असं वाटतं. ताटली रोज घासून वाळवते, कारण ओले कुजके दाणे आणि विष्ठा यातून साल्मोनेलासारख्या जिवाणूंचे आजार एकाच जागी जमणाऱ्या पक्ष्यांमध्ये पटकन पसरतात. पाणी उथळ आणि रोज ताजं. ब्रेड आणि खारट काही अजिबात नाही. आणि झाडांवर कीटकनाशक फवारणं पूर्ण बंद, कारण फीडर कितीही भरला तरी घरट्यातल्या पिल्लाला अळ्याच लागतात आणि त्या मी बाजारातून आणून देऊ शकत नाही.

एक गोष्ट संध्याकाळी लक्षात आली. पिल्लांना भरवायला आता बहुतेक वेळा बापच येतोय, आणि आई चोचीत पिसं घेऊन पुन्हा त्याच फटीत शिरताना दिसली. म्हणजे पुढच्या अंड्यांची तयारी! बऱ्याचदा असंच होतं, आई नव्या घरट्याच्या मागे लागते आणि बाहेर पडलेली पोरं बापाच्या गळ्यात. अंडी उबवायला साधारण बारा दिवस, मग घरट्यात दोनेक आठवडे, म्हणजे सगळं नीट झालं तर महिन्याभरात नवीन गँग ताटलीत येईल. तोपर्यंत ही आत्ताची पिल्लं दाणे सोलण्यात तरबेज झालेली असतील. बाजरी जास्तीची आणून ठेवायला हवी.