गव्हाण क्रमांक तीन : झाकण का अडकत होते, ते अखेर सापडले

मागील नोंदीत मी मोठ्या ऐटीत लिहिले होते की तिसऱ्या गव्हाणीचे, म्हणजे घोडीने जाळ्यातून हळूहळू गवत खावे म्हणून केलेल्या पेटीचे, काम संपले असून आता केवळ रंग द्यायचा राहिला आहे. तो रंग अद्याप डब्यातच आहे. पहिल्याच रात्री तरंगते, म्हणजे गवतावर टेकलेले झाकण पेटीत तिरके अडकून बसले. खाली निम्मे गवत शिल्लक असताना घोडी उपाशी राहिली, आणि सकाळी फळ्यांवरचे खुरांचे ओरखडे पाहून तिने रात्र कशी काढली असेल ते कळले. घोड्याच्या जठरात आम्ल सतत पाझरत असते, मग पोटात चारा असो वा नसो. त्याला तासन् तास रिकामे ठेवणे म्हणजे व्रणांना आमंत्रण देणे होय. हे टाळण्यासाठीच तर हा सारा खटाटोप चालला आहे.

पेटीची आतील लांबी ९० सेंमी आणि झाकणाची ८९.५ सेंमी आहे. झाकण म्हणजे लाकडी पट्ट्यांची चौकट आणि तिच्यावर ताणून बसवलेले बिनगाठींचे जाळे. गवत संपत जाईल तसतसे ते आपल्या वजनाने खाली उतरावे, अशी कल्पना होती. अडकण्याचा पहिला संशय मी ओलाव्याने फुगलेल्या लाकडावर घेतला आणि कडा रंध्याने तासल्या. काही फरक पडला नाही. मग आतील बाजूंना मेण चोळले. त्यानेही काही साधले नाही, फक्त घोडीला फळ्या चाटण्याचा नवा छंद लागला.

चौथ्या रात्री मी कंदील घेऊन तिथेच बसलो, तेव्हा खरे कारण समोर आले. घोडी गवत सगळीकडून सारखे खातच नाही. ती एक कोपरा धरते आणि तो पोखरत जाते. त्यामुळे झाकणाची एक बाजू खाली जाते. पट्ट्या १० सेंमी उंचीच्या होत्या, कारण उंच कडांमुळे गवत बाजूने निसटणार नाही असे मला वाटले होते. कागदावर झाकणाची बाजूने आकृती काढून लांबी-उंचीचा कर्ण मोजला, तर तो भरला ९०.०६ सेंमी! म्हणजे एक टोक दुसऱ्यापेक्षा सहा-सात सेंमी खाली गेले की झाकणाचे विरुद्ध कोपरे दोन्ही भिंतींना टेकणार आणि पाचरीसारखे घट्ट बसणार. अर्ध्या मिलिमीटरहून किंचित अधिक अशा या फरकापायी माझ्या चार रात्री गेल्या.

दुसऱ्या दिवशी पट्ट्या कापून ४ सेंमीच्या केल्या. आता कर्ण ८९.५९ झाला आणि झाकण कुठेही अडकेना. हे समाधान मात्र जेमतेम दोन तास टिकले, कारण हलके आणि पातळ झालेले झाकण घोडीने एका टोकाला नाकाने दाबले, दुसरे टोक वर उचलले गेले आणि त्या फटीतून तिने तोंडभर गवत ओढून जमिनीवर पसरले. अशा फटीत जबडा किंवा मोहरकी (तोंडाभोवतीचा दोर) अडकण्याची भीतीही होतीच. त्याच संध्याकाळी मी चौकट काढून टाकली.

आता पेटीच्या काठाला आतून जाळे बांधले आहे, आणि ते इतके सैल ठेवले आहे की गवताबरोबर थेट तळापर्यंत पोहोचते. रात्रीचे ४ किलो गवत जमिनीवर टाकले तर ही घोडी ते अडीच तासांत संपवत असे; काल तिला पाच तास लागले आणि सकाळी तळाशी केवळ चिमूटभर भुसा उरला होता. मान खाली, गवत कोरडे, खाण्याचा एकसुरी आवाज : तो ऐकत मी विनाकारण अर्धा तास उभा राहिलो.

जाळ्यांच्या विक्रेत्यांविषयी एक गाऱ्हाणे नोंदवतो. ‘४ सेंमी’ म्हणून मागवलेले पहिले जाळे प्रत्यक्षात २ सेंमीचे निघाले, कारण विक्रेत्याने छिद्र ताणून समोरासमोरच्या गाठींमधील अंतर मोजले होते आणि मी चौकोनाची बाजू गृहीत धरली होती. इतक्या बारीक छिद्रातून गवत निघत नाही, त्रागा मात्र भरपूर निघतो. मागवण्यापूर्वी माप कसे घेतले आहे ते विचारा. धातूच्या जाळीचा सल्ला काहींनी दिला होता. पुढचे दात झिजतात आणि हिरड्या सोलवटतात, म्हणून मी ती वापरणार नाही.

प्रश्न उरला तो माझ्या दुसऱ्या, नाल मारलेल्या अबलख घोड्याचा. त्याला पुढच्या पायाने उकरण्याची खोड आहे, आणि सैल जाळे नालेच्या मागच्या टोकात अडकले तर काय होईल याची कल्पनाही नको. त्याच्यासाठी टांगते जाळे घ्यायचे मी जवळजवळ ठरवले होते. मात्र ते रिकामे झाले की खाली लोंबते, आणि उंच टांगावे तर धूळ व कुसळे थेट डोळ्यांत व नाकपुड्यांत पडतात.

हे लिहीत असतानाच एक सुचले. पेटीचा तळच वर का आणू नये? ७५ सेंमी उंचीच्या पेटीत ४० सेंमीवर फटींचा दुसरा तळ बसवला, तर गवताची खोली ३५ सेंमीच राहील, जाळे निम्म्याहूनही कमी सैल ठेवावे लागेल आणि धूळ फटींतून खाली गळून जाईल. मान जमिनीपर्यंत जाणार नाही हा तोटा आहेच, तरी ती छातीच्या खालीच राहील. टांगत्या जाळ्याची मागणी तूर्त थांबवली आहे. झाकणाच्या कापलेल्या पट्ट्या अजून टाकलेल्या नाहीत. त्या तळाला पुरतात का, ते उद्या सकाळी मोजतो.