सुडाचा माउथ ऑर्गन

माउथ ऑर्गन या वाद्याला आपल्याकडे फारसा मान कधी मिळाला नाही. शर्टाच्या खिशात मावतं, शिकायला गुरू लागत नाही, आणि कॉलेजच्या सहलीत बसच्या मागच्या सीटवर ते काढणारा एक तरी नग असतोच. ‘है अपना दिल तो आवारा’ वाजवून झालं की त्याचा साठा संपतो. १९५८च्या ‘सोलवाँ साल’मधल्या त्या गाण्यात माउथ ऑर्गन वाजवला होता राहुल देव बर्मनने. ते असो, त्याच्याकडे मागाहून येऊ.

तर असलं हे निरुपद्रवी वाद्य इटालियन दिग्दर्शक सेर्जिओ लिओनेने १९६८ साली सुडाच्या कामाला जुंपलं. ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’मधला चार्ल्स ब्रॉन्सन स्वतःचं नाव कुणाला सांगतच नाही. तू कोण, असं खलनायक फ्रँकने विचारलं की तो भलतीच नावं घेतो, आणि ती सगळी फ्रँकने मारलेल्या माणसांची निघतात. बोलतो कमी, माउथ ऑर्गन वाजवतो जास्त. वाजवतो म्हणजे तरी काय! संगीतकार एनिओ मोरिकोनेने दिलेले ते सूर कुणीतरी कण्हत असल्यासारखे आहेत. ते त्याने नक्की कुठे उचलले, हे लिओने अगदी शेवटच्या द्वंद्वापर्यंत सांगत नाही.

तिथे मग कळतं. उजाड माळावर एक कमान. कमानीला फास, फासात मोठ्या भावाची मान, आणि तो भाऊ उभा आहे धाकट्याच्या खांद्यांवर. पोराचे पाय लटपटले की भाऊ गेला. फ्रँक हसत येतो आणि पोराच्या तोंडात माउथ ऑर्गन कोंबतो: वाजव, भावाला खूश ठेव. आता हे वाद्य श्वास सोडतानाही वाजतं आणि आत ओढतानाही. पोराला वाजवायचं काहीच नाही, त्याला नुसती धाप लागली आहे. अडीच तास आपण ज्याला धून समजत होतो ती ही धाप. गोळी लागल्यावर फ्रँक पुन्हा विचारतो, कोण तू? उत्तरादाखल तोच माउथ ऑर्गन त्याच्या तोंडात जातो आणि त्याचे अखेरचे श्वास त्यातून वाजतात. मग त्याला ओळख पटते. सूड उगवणाऱ्याला हवी होती ती एवढीच ओळख; नाहीतर गोळी काय, आधीही घालता आली असती.

हा फ्रँक म्हणजे हेन्री फोंडा, जन्मभर सज्जन माणसांच्या भूमिका केलेला नट. खलनायक शोभावा म्हणून तो तपकिरी लेन्स आणि मिशा लावून सेटवर आला. लिओनेने दोन्ही काढायला लावलं. चित्रपटाच्या सुरुवातीलाच फ्रँक एका अख्ख्या कुटुंबाला मारतो; त्यातल्या लहान मुलाला गोळी घालताना लोकांना ते निळे डोळेच दिसायला हवे होते.

त्या हत्याकांडातून पुढे कुणी काय उचललं, याची मोजदाद करायला बसलो तर दिवस जाईल. दिग्दर्शक टॅरँटिनोने २००९च्या ‘इनग्लोरियस बास्टर्ड्स’च्या पहिल्या प्रकरणाचं नावच या चित्रपटावरून बेतलं. आपल्याला जवळचा तो अर्थात ‘शोले’. ठाकूरच्या कुटुंबाची हत्या, शेवटी उरलेला मुलगा, गोळीचा आवाज आणि त्याला लागूनच आगगाडी. हा सांधासुद्धा लिओनेचाच. चोरी म्हणा हवं तर, माझी ना नाही.

पण माउथ ऑर्गनचं काय झालं बघा. सूड गेला ठाकूरकडे, खिळ्यांच्या बुटांसकट (आणि आणीबाणीतल्या सेन्सॉरने तोही पुरा होऊ दिला नाही, ऐन वेळी पोलीस आणले). वाद्य मात्र आलं जयच्या हाती. संगीत राहुल देवचंच. संध्याकाळी जय पायरीवर बसून वाजवतो, वर राधा एकेक दिवा मालवत जाते, आणि दोघं एक अक्षर बोलत नाहीत. लिओनेकडे ज्या वाद्यात पोराची धाप होती, त्यात इथे न बोललेलं प्रेम आलं. आणि ती धून ऐकणारी राधा विधवा आहे ती त्याच उसन्या हत्याकांडामुळे. लिओनेकडून आणलेल्या दोन वस्तू पटकथेने आधी लांब लांब ठेवल्या आणि मग त्या वाड्यात समोरासमोर आणल्या. मूळ चित्रपटाचा मी भक्त असूनही सांगतो, एवढी हुशारी लिओनेला सुचली नव्हती.