दवाखान्याजवळच्या दोन खोल्या आणि एक शेगडी

सोलापुरात उपचारांसाठी दाखल झालेल्या माजी सैनिकांच्या सोबत आलेल्या माणसांना राहण्यासाठी आम्ही काहीजण दोन खोल्या चालवतो; त्यांची किल्ली औषधांच्या एका दुकानात असते. ते दुकान रात्रभर उघडे असते, दुकानदाराचे वडील नौदलात होते, आणि रात्री दोन वाजता अतिदक्षता विभागाच्या दारातून परत पाठवलेली एखादी बाई किल्ली मागायला आली तर तो तिला काहीही न विचारता किल्ली देतो. या तीन गोष्टींपैकी तिसरी मला सर्वांत मोलाची वाटते, कारण दवाखान्यात दिवसभर तिला प्रत्येकाने काही ना काही विचारलेलेच असते.

सोलापूर हे आसपासच्या जिल्ह्यांसाठी दवाखान्यांचे गाव आहे. धाराशिवहून, लातूरकडून, सीमेपलीकडच्या विजयपूर आणि कलबुर्गी जिल्ह्यांतून रुग्ण येथे येतात, आणि त्यांत माजी सैनिकही पुष्कळ असतात. 1971 च्या युद्धात विशीत असलेले जवान आता पंचाहत्तरीच्या आसपास आहेत. त्यांना हृदयाचे, मेंदूचे आणि खुब्याच्या हाडाचे आजार येथे घेऊन येतात. कारगिलला गेलेले पन्नाशीत पोचले आहेत आणि त्यांतले काही डायलिसिसवर आहेत. यांच्या उपचारांसाठी माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना आहे, जिला सगळे 'ईसीएचएस' एवढेच म्हणतात. ती 1 एप्रिल 2003 रोजी सुरू झाली. योजनेच्या पॉलिक्लिनिकमधल्या डॉक्टरांनी रेफरल, म्हणजे पुढे पाठवण्याची चिठ्ठी, दिले, की योजनेत असलेल्या खासगी रुग्णालयात पैसे न भरता उपचार होतात, आणि तातडीच्या वेळी थेट दाखल होऊन नंतर कळवण्याचीही सोय आहे. ही योजना नसती तर कित्येक कुटुंबांची शेते विकली गेली असती, असे मी जबाबदारीने म्हणते. मात्र योजनेत खाट आहे ती रुग्णाला. हुद्द्याप्रमाणे वॉर्ड ठरतो, शिपायापासून हवालदारापर्यंत जनरल वॉर्ड, आणि जनरल वॉर्डात सोबत आलेल्या माणसाला मिळतो तो एक पास आणि फार तर एक स्टूल.

माझे वडील नाईक म्हणून निवृत्त झाले होते. त्यांच्या शेवटच्या आजारपणात ते एका रुग्णालयात अकरा दिवस होते आणि माझी आई अकरा रात्री तेथल्या व्हरांड्यात चादर अंथरून झोपली. पहाटे पाच वाजता फरशी पुसणारे येत, रखवालदार काठी आपटत असे, आणि मग ती चादरीची घडी करून नळाशी रांग लावीत असे. माझे घर गावात असूनही ती तेथून हलली नाही, कारण रात्री केव्हा हाक मारतील याचा नेम नव्हता आणि घर चार मैलांवर होते. मी त्या रुग्णालयाशी पुष्कळ भांडले. आईची तक्रार मात्र झोपेविषयी नव्हती. ती एकदा म्हणाली, "तुझे वडील लडाखला होते तेव्हा मी एकटीनं घर बांधून घेतलं, विटा मोजून घेतल्या. आणि इथं मला माझ्या नवऱ्यासाठी घोटभर पेजसुद्धा करता येईना."

ते वाक्य तेव्हा माझ्या कानावरून गेले. त्याचा अर्थ कळायला मला पुढे स्वयंसेवक व्हावे लागले, आणि तोही आमच्याकडून एक चूक झाल्यावर कळला.

आम्ही सातजण आहोत. एक निवृत्त सुभेदार, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, एक चादरींचे व्यापारी, यंत्रमागावर आयुष्य गेलेले एक तेलुगू भाषक जोडपे, ज्यांचा मुलगा सैन्यात आहे, पोस्टातून निवृत्त झालेले एक गृहस्थ, एक रिक्षाचालक, आणि मी, शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. संस्था म्हणावी असे आमच्याकडे काही नाही. दारावर पाटीही नाही. सुरुवातीला कोणीतरी डॉ. कोटणीसांच्या नावाची पाटी लावावी असे सुचवले होते, आणि सोलापुरात वैद्यकीय काम म्हटले की ते नाव ओठांवर येणे स्वाभाविकच आहे. पण काका म्हणाले, पाटीच्या पैशांत दोन नळ बसतील. नळ बसले. पाटी नाही हे पुढे बरेच झाले, कारण धर्मादाय पाटीखालून आत जाताना सैनिकांच्या घरांतल्या बायकांची पावले अडखळतात.

पहिल्या वर्षी आम्ही खोल्यांत गाद्या टाकल्या, पंखे लावले, आणि दोन्ही वेळचा डबा घरोघरी वाटून घेतला. डबा उत्तम असे. तरीही अर्धा परत येई. आम्हांला वाटे, काळजीने जेवण जात नसेल; मग आम्ही भाजी बदलली, तिखट कमी केले, एकदा तर गोड पाठवले. बायका हात जोडून आभार मानत, भिंतीला टेकून बसून राहत, आणि दवाखान्याची भेटीची वेळ होईपर्यंत घड्याळाकडे पाहत. सकाळी अकरा ते दुपारी चार हे पाच तास त्यांना कसे सरत असतील, हे आमच्यापैकी कोणाच्याही ध्यानात आले नव्हते.

मग मंगळवेढ्याकडची एक बाई आली. नवरा हवालदार होता, पक्षाघाताने एक बाजू गेलेली. तिच्याकडे कपड्यांची एक पिशवी होती आणि ज्वारीच्या पिठाची दुसरी, तिच्याहून जड. तिने खोली पाहिली, न्हाणीघर पाहिले आणि मला विचारले, "बाई, तवा कुठं आहे?" मी सांगितले की डबा येतो, तुम्हांला काही करावे लागणार नाही. तिने माझ्याकडे असे पाहिले की चाळीस वर्षे वर्गात मुलांना उभे करणारी मी स्वतःच उभी केल्यासारखी झाले. "मग मी दिवसभर करू काय?" ती म्हणाली.

त्याच संध्याकाळी माझ्या घरची जुनी शेगडी आणि पोस्टातल्या गृहस्थांच्या घरचा तवा तेथे गेला. तिने भाकऱ्या थापल्या, शेजारच्या खोलीतल्या, कर्नाटकातल्या इंडीच्या बाईला हाक मारली, आणि एकीला कन्नड नीट येत नसताना व दुसरीला मराठी नीट येत नसताना दोघींनी मिळून शेंगदाण्याची चटणी कुटली. वॉर्डातल्या आहारतज्ज्ञ मुलीला विचारून दुसऱ्या दिवशी तिने नवऱ्यासाठी ताकात कुस्करलेली भाकरी नेली. त्याने ती किती खाल्ली ते मला माहीत नाही, पण परत आल्यावर तिने भांडे घासले, ओटा पुसला आणि ती दुपारी दोन तास गाढ झोपली. डबा आम्ही त्या महिन्यातच बंद केला. आता फक्त पहिल्या रात्रीचे जेवण आम्ही नेतो. पुढचे ज्याचे त्याने करायचे, शिधा फडताळात असतो.

सैनिकाच्या बायकोने जन्मभर एकटीने संसार केलेला असतो. नवरा पठाणकोटला, आसामात, कुठल्यातरी हिमाच्या चौकीवर. इकडे सासू-सासऱ्यांची आजारपणे, मुलांच्या परीक्षा, बांधावरची भांडणे हे सगळे तिने निभावलेले असते. तिला सहानुभूतीची सवय नसते, हुकूम सोडायची असते. दवाखाना तिच्या हातातली सगळी कामे एका दिवसात काढून घेतो आणि आम्ही डबा देऊन उरलेले एक कामही काढून घेत होतो. चांगल्या हेतूने केलेली ही हिसकावणी होती, असे आता मला स्पष्ट दिसते.

अमेरिकेत फिशर हाऊस नावाची घरे आहेत. झॅकरी फिशर हे न्यूयॉर्कचे इमारत व्यावसायिक आणि त्यांच्या पत्नी एलिझाबेथ यांनी 1990 साली हे काम सुरू केले; लष्करी आणि माजी सैनिकांच्या रुग्णालयांच्या आवारात किंवा अगदी जवळ घर बांधायचे आणि रुग्णाच्या कुटुंबाला तेथे विनामूल्य राहू द्यायचे. माझ्या भाचीने त्यांपैकी एकात स्वयंसेवक म्हणून काम केले आहे. आमच्या दोन खोल्यांची आणि त्या देखण्या घरांची तुलना करण्याचा प्रश्नच नाही. परंतु तिने एक गोष्ट सांगितली आणि मी कान टवकारले: निजायच्या खोल्या प्रत्येक कुटुंबाला वेगळ्या असतात, स्वयंपाकघर मात्र सर्वांचे एक असते. म्हणजे जे आम्हांला मंगळवेढ्याच्या बाईने शिकवले, ते तिथे नकाशातच काढलेले होते.

आपल्याकडे धर्मशाळा ही काही नवी गोष्ट नाही. गाडगेबाबांनी पंढरपुरात बांधलेली चोखामेळा धर्मशाळा याच जिल्ह्यात आहे, तुळजापूर आणि अक्कलकोटला भक्तनिवास आहेत. देवाला आलेल्या माणसाच्या पाठ टेकण्याची सोय आपण पिढ्यान्‌पिढ्या केली. दवाखान्यात आलेल्याची तितकी केली नाही. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरली की शहरातले लॉज भरतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत एखाद्या निवृत्त नाईकाच्या मुलाला खोली शोधत फिरावे लागते. सैनिक विश्रामगृहे राज्यात अनेक जिल्ह्यांत आहेत आणि ती उपयोगी आहेत, पण रात्री फोन आल्यावर एकट्या बाईला चालत दहा मिनिटांत दवाखान्याच्या दारात पोचता आले पाहिजे, ही आमची अट त्यांतून पुरी होत नाही. या अटीसाठी काका आणि मी दोन खोल्या ठरवण्यापूर्वी तो रस्ता रात्री चालून पाहिला होता आणि बंद असलेले दिवे मोजले होते.

आमची पहिली खोली वरच्या मजल्यावर होती. ती आम्ही चार महिन्यांत सोडली, कारण सोबत येणाऱ्या बायका साठीच्या पुढच्या असतात आणि त्यांचे गुडघे रुग्णाच्या हृदयापेक्षा फारसे बरे नसतात. आताच्या खोल्या तळमजल्यावर आहेत. पाणी हा सोलापूरकराला समजावून सांगण्याचा विषय नाही. नळाला काही दिवसांआड पाणी येते, त्या दिवशी आमच्यापैकी एकजण पहाटेपासून तेथे असतो, पिंप, हंडे, बादल्या सगळे भरले जाते, आणि त्याच दिवशी चादरी धुतल्या जातात. व्यापारी मित्राने चादरी भरपूर दिल्या, अगदी अस्सल सोलापुरी. पण ओली सोलापुरी चादर पिळणे म्हणजे काय हे ज्याने पिळली त्यालाच ठाऊक, म्हणून अंथरायला आता साध्या सुती आणि पांघरायला तेवढ्या जाड असतात. गाद्यांना रेक्झिनची खोळ आहे. माणूस दवाखान्यातून येतो आणि दवाखान्यात जातो, तेव्हा याबाबतीत भीड ठेवून चालत नाही.

कागदपत्रांचे काम पोस्टातल्या गृहस्थांकडे आहे. ईसीएचएसचे कार्ड, सैन्यातून निवृत्त झाल्याचे डिस्चार्ज बुक, पीपीओ म्हणजे पेन्शनचा आदेश, आधार, रेफरलची प्रत. यांतले एक तरी घरी राहिलेले असतेच. त्याहून मोठी अडचण नावांची असते: पीपीओवर 'पार्वती', आधारवर 'पार्वतीबाई', आणि सासरी ठेवलेले नाव तिसरेच. हे निस्तरण्यात गेलेला दिवस नवऱ्याच्या उशाशी बसण्याचा दिवस असतो, म्हणून ते गृहस्थ झेरॉक्सची पिशवी घेऊन त्या बाईऐवजी स्वतः रांगेत उभे राहतात. जेथे तिची सही लागतेच, तेथे रिक्षा आहे.

पैशांविषयी लोक विचारतात. भाडे आम्ही सातजण वाटून देतो, शिधा कोणी ना कोणी आणून टाकतो. पूर्वी आम्ही राहणाऱ्यांकडून काही घेत नव्हतो आणि त्यामुळे दोन कुटुंबे दुसऱ्याच दिवशी लॉजवर निघून गेली. काकांनी मला समजावले, की फौजी माणूस फुकट घेत नाही, त्याला पावती लागते. आता दिवसाचे वीस रुपये घेतो आणि पावती देतो. मी शाळेत असताना दर वर्षी 7 डिसेंबरला मुलांना ध्वजदिनाचे छोटे झेंडे वाटून निधी गोळा करीत असे. 1949 पासून चालत आलेली ती प्रथा आहे आणि तो पैसा माजी सैनिक व त्यांच्या कुटुंबांच्या कल्याणासाठी जातो, एवढे मी वर्गात सांगत असे. त्या कुटुंबांतली एक बाई व्हरांड्यात झोपलेली असते आणि ती माझी आई असू शकते, असे मात्र मला तेव्हा कधी सुचले नाही.

ज्यांना येथून पुण्याला पाठवतात, कमांड हॉस्पिटलला किंवा कृत्रिम अवयव केंद्रात, त्यांच्यासाठी आमच्या हातात फारसे काही नसते. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसचे तिकीट, चार दिवस टिकतील अशा कडक भाकऱ्या आणि काकांच्या पलटणीतल्या पुण्याच्या मित्राचा फोन नंबर, एवढेच आम्ही देतो.

सगळेच बरे होऊन जातात असे नाही. मंगळवेढ्याचे हवालदार सतराव्या दिवशी पहाटे गेले. गावाहून गाडी आली, दीर आला, आणि ती बाई खोलीवर फक्त पिशवी घ्यायला आली. काका दारात सावधान उभे होते. ती पिठाची पिशवी उचलेना. मी ती तिच्या हातात द्यायला गेले तेव्हा म्हणाली, "राहू दे बाई, पुढं कोण येईल तिला लागंल." वर्षभराने सुगी झाल्यावर तिचा मुलगा एसटीने अर्धे पोते मालदांडी ज्वारी घेऊन आला, वीस रुपयांप्रमाणे सतरा दिवसांचे पैसे आईने दिले होते की नाही याची त्याने चौकशी केली, वही पाहिली आणि चहा पिऊन परत गेला.

ती ज्वारी अजून थोडी शिल्लक आहे. उद्या पाणी येण्याचा दिवस आहे आणि अक्कलकोट तालुक्यातल्या एका नायब सुभेदारांच्या पत्नी संध्याकाळी येणार आहेत, म्हणून सकाळी चादरी उरकल्या की मी दळण टाकून येईन.