चार सेंटिमीटर

रोलर कोस्टरच्या रांगेच्या तोंडाशी एक लाकडी जिराफ उभा होता. त्याने एक पाय आडवा पुढे केलेला आणि त्या पायाखाली आमची धाकटी. पाय आणि तिचं डोकं यांच्यात दोन बोटं जागा उरत होती. अट 102 सेंटिमीटरची, बाईसाहेब 98. तिने आधी टाचा उचलल्या. मग डोक्यावरची शेंडी चिमटीत ताठ धरली आणि ‘लागला, लागला’ असं स्वतःच जाहीर करून टाकलं. तिथल्या कर्मचारी बाईंनी काही न बोलता तिच्या खांद्यावर हलकेच हात ठेवला. टाचा आपोआप टेकल्या. त्यानंतर तिने जे भोकाड पसरलं, ते वरून धडधडत जाणाऱ्या डब्यांतल्या किंकाळ्यांच्याही वरचढ होतं.

चूक माझी. आठवडाभर मी तिला त्या राइडची चित्रं दाखवत होते. थीम पार्कच्या संकेतस्थळावर प्रत्येक राइडपुढे उंचीची अट दिलेली असते. तिकिटाचे तपशील मी तीन-तीनदा वाचले, ती ओळ मात्र वाचली नाही. 102, 107, 122 असे हे आकडे चमत्कारिक वाटतात, कारण ते मुळात 40, 42 आणि 48 इंच आहेत. घरात भिंतीपाशी उभं करून दोन मिनिटांत कळलं असतं. पोराला नकार ऐकायचाच असेल, तर तो जिराफासमोर ऐकण्यापेक्षा आदल्या रात्री अंथरुणात ऐकलेला बरा. रडून झोप तरी लागते.

ही अट म्हणजे उगाच शिस्तीचा बडगा, असं मला बरीच वर्षं वाटायचं. मग त्यातली मेख समजली. बऱ्याच राइडमध्ये एका बाकावरच्या दोघांना मिळून मांडीवर येणारा दांडा एकच असतो. तो थांबतो कुठे, तर जाड माणसाच्या मांडीपाशी. शेजारी चिमुरडी बसली असेल तर तिच्या मांडीत आणि दांड्यात वीतभर पोकळी राहते, आणि डबा उसळला की ती त्या पोकळीतून सुटू शकते. शिवाय लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानाने जड आणि मान नाजूक. म्हणजे उंचीची पट्टी नुसती उंची मोजत नाही, मूल त्या बैठकीत नीट अडकून बसेल का हे ती बघते. बुटात कागदाचे बोळे कोंबून पोराला ‘मोठं’ करणारे आईबाप दिसले की राइडमध्ये न बसताच माझ्या पोटात गोळा येतो.

थोरल्याचं वय सात. तो रुबाबात जिराफाखालून गेला आणि उगाचच डोकं पायाला आपटून परत आला.

लहान मुलांना आणि मोठ्यांना एकत्र मजा करता येईल अशी जागा असावी, हा विचार वॉल्ट डिस्नी यांना सुचला तो म्हणे बाकावर बसून. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये मुली घोड्यांच्या चक्रीवर फिरत असत आणि वडील बाकावर बसून त्यांच्याकडे बघत असत. त्या बाकावरच्या कंटाळ्यातून 17 जुलै 1955 रोजी कॅलिफोर्नियात अनाहाइमला डिस्नीलँड उभं राहिलं. पहिल्या दिवशी गोंधळ असा की विचारू नका. बनावट तिकिटांवर हजारो लोक आत घुसले आणि ताज्या डांबरात बायकांच्या टाचा रुतल्या. पण मला त्यातली एकच गोष्ट मनापासून आवडते. नळजोडणी कामगारांच्या संपामुळे वेळ इतका कमी उरला होता की पिण्याच्या पाण्याचे नळ तरी सगळे सुरू होतील किंवा स्वच्छतागृहं तरी. डिस्नींनी स्वच्छतागृहं निवडली. पाणी काय, विकतही मिळतं. असा निर्णय दोन मुलींना वाढवलेला माणूसच घेऊ शकतो.

कारण या सगळ्या दिवसाचं वेळापत्रक खरं तर शू ठरवते. ‘आली आहे का?’ याला ‘नाही’ हे उत्तर ठरलेलं असतं आणि रांगेत आपल्यापुढे सहाच माणसं उरली की ‘नाही’चं ‘आत्ताच्या आत्ता’ होतं. आम्ही पहिल्या वेळी चाळीस मिनिटांची रांग अशी सोडली आहे. आता नियम असा, की रांगेला लागण्याआधी सगळ्यांनी जाऊन यायचं, विचारणं वगैरे नाही. आत शिरताना नकाशा हातात मिळतो. त्यावर इतर लोक राइड शोधतात, मी आधी स्वच्छतागृहांवर खुणा करते. नवऱ्याला हे हास्यास्पद वाटायचं, तो चाळीस मिनिटांचा प्रसंग घडेपर्यंत.

रांगेबद्दल डेव्हिड मेस्टर नावाच्या अभ्यासकाने 1985 साली बरंच नेमकं लिहून ठेवलंय. हात रिकामे असले की थांबणं लांबतं, किती वेळ लागणार हे माहीत नसलं की ते आणखी लांबतं. पार्कवाल्यांनी हे पुरेपूर ओळखलेलं असतं. म्हणून रांगेच्या भिंतींवर चित्रं, कोपऱ्यात हलणारी बाहुली, तोंडाशी मिनिटांची पाटी. पण हे सगळं मोठ्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर. 98 सेंटिमीटरवरून काय दिसतं हे बघायला मी एकदा रांगेत खाली उकिडवी बसले. पुढच्याच्या पँटचा मागचा खिसा, एक लोंबणारा पट्टा आणि गुडघे. पाऊण तास गुडघे बघायचे म्हटल्यावर मीही किरकिर केली असती. तेव्हापासून रांगेत तिला आळीपाळीने कडेवर घेतो आणि खाऊ बाहेर मोकळ्यावर न देता रांगेसाठी राखून ठेवतो. एकदम नाही, एकेक तुकडा, कंजूष सावकारासारखा.

सगळ्यात सोपा उपाय अर्थातच रांगच लागू न देणं. दार उघडायच्या आधी अर्धा तास तिथे हजर राहायचं आणि आत शिरल्यावर पहिल्या दिसेल त्या राइडला न भुलता थेट आतल्या टोकाला चालत सुटायचं. सुरुवातीच्या तासाभरात आमच्या जेवढ्या राइड झाल्या, तेवढ्या पुढच्या तीन तासांत झाल्या नाहीत. जेवणाचंही तसंच, बाराच्या आधी किंवा दोनच्या नंतर. एक वाजता जेवायला जाणं म्हणजे पैसे देऊन आणखी एका रांगेत उभं राहणं.

माझ्या वहीत चौदा राइडची यादी होती. क्रमवार, अंतरांसकट. त्यांतल्या झाल्या पाच. त्यांतही घोड्यांची चक्री तीनदा.

या घोड्यांवर मी आधी जरा नाराज होते. एवढं लांब येऊन, एवढे पैसे भरून, जत्रेत असते तीच चक्री? पण तीन फेऱ्या मारताना तिच्याविषयी आदर वाढत गेला. हिचा उगम चक्क घोडेस्वारांच्या सरावात आहे. धावत्या घोड्यावरून भाल्याच्या टोकाने टांगलेली कडी उचलायची, आणि तो सराव करायला खांबाभोवती फिरणारे लाकडी घोडे. पुढे लढाई गेली, घोडे राहिले. आणि यात भित्र्या मुलासाठी केवढी सोय आहे! सगळे घोडे एक फेरी एकाच वेळात पुरी करतात, पण बाहेरच्याला मोठं वर्तुळ कापायचं असतं, म्हणून तो जास्त वेगाने पळतो. आतल्या रांगेतला घोडा हळू. त्यातही सगळे घोडे वरखाली होत नाहीत, काही ठाम उभे असतात, आणि बहुतेक चक्रींवर एखादा रथासारखा बाकही असतो. धाकटी पहिल्यांदा बाकावर बसली, दुसऱ्यांदा आतल्या उभ्या घोड्यावर, तिसऱ्यांदा बाहेरच्या उसळणाऱ्या घोड्यावर. जिराफाने नाकारलेली बढती तिने इथे तीन फेऱ्यांत मिळवली.

असाच हिशेब इतर ठिकाणीही चालतो. झोके घेणाऱ्या जहाजात दोन्ही टोकं सगळ्यात उंच जातात, मधली बाकं सगळ्यात कमी. छोट्या रोलर कोस्टरमध्ये लोकांना वाटतं मागे बसलेलं बरं, निदान पुढचं काही दिसत नाही. पण पुढचे डबे उताराला लागले की ते शेवटच्या डब्याला चढावरून वेगाने खेचून घेतात, त्यामुळे पोटातली ती पोकळी मागेच जास्त जाणवते. तेव्हा घाबरट माणसाने कुठेही मध्ये बसावं. हे मी मुलांच्या नावाने सांगतेय, पण फायदा माझाच. गोल फिरणाऱ्या कपांत मधलं चाक फिरवलं तरच आपला कप गरगरतो, न फिरवण्याचं स्वातंत्र्य आपल्याला असतं. थोरल्याला ते चाक दिसताच तो त्याच्यावर ट्रकवाल्यासारखा तुटून पडला. मळमळ का होते, तर डोळे एक सांगतात आणि कानाच्या आतला तोलाचा अवयव दुसरंच सांगतो. गंमत म्हणजे दोन वर्षांच्या आतल्या बाळांना हा त्रास सहसा होत नाही, त्यानंतर शाळकरी वयात तो जोरात असतो. उघड्यावर असाल तर लांबची स्थिर वस्तू बघत राहायची. अंधाऱ्या खोलीत हलत्या खुर्चीत बसवून पडद्यावर विमान उडवत असतील, तर सरळ डोळे मिटायचे. आणि खाणं नेहमी राइडनंतर. आधी पोटोबा हे इथे चालत नाही.

मोठं डोकं घातलेली ती पात्रं! फोटोसाठी आपण पोराला त्यांच्यापुढे ढकलतो आणि वर म्हणतो, ‘घाबरतेस काय, तुझा आवडता ना हा?’ पडद्यावर वीतभर असणारं ते माणसाच्या दीडपट होऊन समोर येतं, पापणी हलवत नाही, बोलत नाही, नुसतं हसत राहतं. मला कुणी असं समोर आणलं असतं तर मी पोलिसांना बोलावलं असतं. दहा पावलांवरून हात हलवू द्यावा. जवळ जायचं की नाही ते पोर ठरवेल.

हरवण्याची भीती प्रत्येक आईच्या मनात असतेच, म्हणून त्याचं जरा नीट सांगते. सकाळी निघताना दोघांचा पायांपर्यंतचा फोटो काढायचा. ऐन वेळी फ्रॉक लाल होता की केशरी हे आठवत नाही, माझी आठवण त्या बाबतीत शून्य आहे. हातावर आतल्या बाजूला पेनने फोन नंबर लिहायचा. आणि मुलाला सांगून ठेवायचं की शोधायला निघू नकोस, आहेस तिथेच थांब, गणवेशातला माणूस किंवा मुलं बरोबर असलेली बाई दिसली तर तिला सांग. गर्दीत ‘आई’ अशी हाक मारली तर पन्नास बायका वळतात, तेव्हा पोराला आपलं नावही माहीत हवं. धाकटीला विचारलं, ‘माझं नाव काय?’ तर म्हणाली, ‘आई.’ ‘आणि बाबा मला काय म्हणतो?’ ‘अगं.’

बाबागाडी न्यावी की नाही, यावर आमच्यात वाद झाला. चार वर्षांची घोडी गाडीत बसेल का? बसली. दुपारी तीन वाजता पाय दुमडून, तोंड उघडं टाकून दीड तास झोपली. त्या दीड तासात सावलीत बाकावर बसून आम्ही काहीही केलं नाही, आणि माझ्या मते त्या दिवसातला तो सगळ्यात शहाणा निर्णय. न झोपलेल्या मुलाला घेऊन संध्याकाळची रोषणाई बघता येते असं ज्यांना वाटतं, त्यांना एकतर मुलं नाहीत किंवा ती आजीकडे आहेत. गाडीला एखादा भडक रुमाल बांधून ठेवा मात्र. राइडबाहेर पन्नास गाड्या सारख्याच दिसतात, आणि तिथले कर्मचारी जागा करायला त्या सरकवतातही.

पिशवीबद्दल काय सांगायचं? पाणी, टोपी, एक पंचा, प्रत्येकाचे कपड्यांचे एक जादा जोड. दोनदा लागले. पाण्याच्या राइड शेवटी घ्याव्यात हे शहाणपण मला पहिल्या पाण्याच्या राइडनंतर आलं.

राहता राहिला तो रोलर कोस्टर. जाताना थोरल्याने आठवण करून दिली. धाकटीचं काय करायचं, तर तोंडाशी उभ्या त्या बाईंनीच सांगितलं की आईबापांनी अदलाबदल करायची. रांग एकदाच लावायची, एकाने राइड घ्यायची, दुसऱ्याने मुलाला घेऊन थांबायचं, आणि मग त्याने पुन्हा रांग न लावता आत जायचं. बऱ्याच पार्कांत ही सोय असते, पण ती विचारावी लागते. शिवाय मोठ्या भावंडाला बहुधा दोघांबरोबर, म्हणजे दोनदा बसायला मिळतं. थोरल्याने हे ऐकलं आणि त्याला बहिणीबद्दल एकाएकी माया दाटून आली.

पहिला नंबर माझा. 1884 साली न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडला तिथली पहिली अशी गाडी सुरू झाली तेव्हा तिचा वेग ताशी सहा मैल होता म्हणतात. सायकलवाला मागे टाकेल तिला. मी चुकीच्या शतकात जन्मले. मधलं बाक मागून घेतलं, दांडा मांडीवर घट्ट बसला. वर चढताना डब्याखाली ती कट कट कट सुरू झाली. धाकटी खालून ओरडली होती, ‘वर गेलीस की मला बघ हं, मी हात करीन.’ माथ्यावर पोचलं की बघायचं ठरवलं होतं. माथा आला तेव्हा थोरला दोन्ही हात वर करून ओरडत होता आणि मी डोळे घट्ट मिटून दांड्याला बिलगले होते. उतरेपर्यंत ते उघडले नाहीत.

खाली आले. पाय कापत होते. जिराफापाशी नवरा आणि ती उभे होते.

‘मी दिसले?’

‘दिसलीस की! किती छान हात हलवत होतीस.’

तिने माझ्याकडे जरा वेळ निरखून पाहिलं.

‘मी कुठे होते? मी तर बाबाबरोबर शू करायला गेले होते.’