तुम्ही विचारलंत म्हणून: केशर डब्यात का होती

मिरजेहून सासूबाई व्हिडिओ कॉलवर विचारतात, इथे इंग्लंडमधल्या रेडिंगमध्ये घरी आलेल्या मैत्रिणी विचारतात, भाचा तर दर रविवारी विचारतो: "एवढ्याशा जिवाला प्लास्टिकच्या डब्यात का कोंडलंत?" केशर नावाचा साप पाळलाच का, हे विचारून तुम्ही सगळे केव्हाच थकलात, त्यामुळे तिकडे जात नाही. डब्याचं मात्र सांगते. कारण त्या प्रश्नात मी निर्दय आहे हे आधीच ठरलेलं असतं, आणि ते मला लागतं.

माझं माहेर शिराळ्याजवळचं. नागपंचमीला गाडग्यात ठेवलेले नाग मी लहानपणी पाहिलेत. गाडग्याच्या तोंडावर फडकं बांधलेलं, आणि आत तो जीव. याला अंग तरी वळवता येत असेल का, एवढंच तेव्हा माझ्या मनात यायचं. म्हणून लेकीच्या दहाव्या वाढदिवसाला कॉर्न स्नेक या बिनविषारी सापाचं पिल्लू आणायचं ठरलं तेव्हा मी पहिल्याच दिवशी सांगितलं, आपल्याकडे गाडगं नको. दुकानदाराने सुरुवातीला लहान डबा घ्या म्हणून सुचवलं होतं. मी ऐकलं नाही. समोर सरकत्या काचा असलेली चार फुटी लाकडी पेटी घेतली, म्हणजे साधारण १२० सेंटीमीटरची. पिल्लू होतं २८ सेंटीमीटर, पेन्सिलीएवढं जाड. केशरी रंगाचं, म्हणून लेकीने नाव ठेवलं केशर.

पेटी दिसायला सुंदर होती. एका टोकाला खाली उबेची चटई, तिला तापमान आवरणारा थर्मोस्टॅट, वर अ‍ॅस्पेनच्या लाकडाचा भुसा. उबेच्या टोकाला लपायला एक छोटी गुहा. मधे पाण्याचं भांडं, एक फांदी. बाकी सगळं मोकळं. त्या मोकळेपणाचं मला कौतुक होतं. लेकीला मी म्हणाले होते, बघ, किती जागा आहे तिला!

केशर त्या जागेत फिरलीच नाही. गुहेत शिरली ती शिरलीच. पहिला आठवडा तिला हात लावायचा नसतो, तो आम्ही पाळला. मग उंदराचं केस न फुटलेलं पिल्लू, ज्याला इथे पिंकी म्हणतात, फ्रीझरमधून काढून कोमट पाण्यात ऊन केलं आणि चिमट्याने तिच्यापुढे धरलं. तिने तोंड फिरवलं, शेपटीचं टोक भुशावर थरथर वाजवलं. पाच दिवसांनी तेच. त्यानंतर पुन्हा तेच. नवं पिल्लू असं करतं, हे मी वाचलं होतं, आणि तेच स्वतःला समजावत राहिले.

चौथ्या आठवड्यातल्या एका शनिवारी सकाळी पाणी बदलताना माझा हात भुशाखालच्या चटईला लागला आणि झटक्यात मागे आला. थर्मोस्टॅटची तापमान मोजणारी वायर मी चटईला टेपने चिकटवली होती. टेप सुटून ती काचेजवळ लोंबत होती. तिथली हवा गार, म्हणून थर्मोस्टॅटला वाटत होतं की पेटी अजून तापलेली नाही, आणि तो चटईला वीज देतच होता. तापमापकाची बंदूक रोखली तर आकडा ४६ अंश सेल्सिअस. तिथे हवे होते जास्तीत जास्त ३२.

गुहा उचलली. केशर चटईच्या बरोबर वर वेटोळं घालून बसली होती. तिला तळहातावर घेऊन उलटं केलं. तिच्या पोटाचे खवले एरवी पांढरे, काचेसारखे नितळ असतात. त्यातले मधले दहाबारा गुलाबी झाले होते, कडांना तपकिरी. त्याही अवस्थेत तिने माझ्या अंगठ्याभोवती घट्ट वेढा घातला होता. लेक दारात उभी होती. ती काही बोलली नाही, आणि मलाही काही सुचलं नाही.

सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरबाईंनी जखम धुतली, मलम दिलं, भुसा काढून नुसता किचन रोल घालायला सांगितला. मी विचारलं, एवढं पोळत होतं तर ती दुसऱ्या टोकाला का गेली नाही? त्यांनी उलट मलाच विचारलं, दुसऱ्या टोकाला लपायला काय होतं?

काही नव्हतं. गार टोकाला मी फक्त जागा ठेवली होती. उघड्यावर जायचं की पोळत बसायचं, एवढेच दोन रस्ते मी त्या जिवापुढे ठेवले होते. २८ सेंटीमीटरच्या सापाला उघडं मैदान म्हणजे पक्ष्याची चोच. पोळणं तिने पत्करलं.

डबा त्या दिवशी आला. नऊ लिटरचा, झाकणाला चारी बाजूंनी पक्क्या क्लिपा. तापवलेल्या सळईने मी त्याला भोकं पाडली, तीही बारीक, कारण पेन्सिल जाईल एवढ्या फटीतून हे पिल्लू निसटतं. चटई डब्याखाली, तळाच्या एक तृतीयांश भागापुरती; वायर तारेने पक्की बांधलेली. लपायला दोन सारख्या जागा, एक उबेच्या टोकाला, एक गार टोकाला. त्यासाठी घरातल्याच नारळाच्या दोन करवंट्या घेतल्या, कडेला दार कोरलं, आतून घासून गुळगुळीत केल्या. मधे चुरगळलेला कागद, कात टाकायच्या दिवसांत ओलसर शेवाळाची डबी. नवव्या दिवशी संध्याकाळी गार टोकाच्या करवंटीतून बोटाच्या पेराएवढं डोकं बाहेर आलं, जीभ तीनचारदा लपलपली, आणि तिने पिंकी ओढून आत नेली. लेक जमिनीवर पालथी पडून बघत होती. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

यानंतर कित्येक महिने मी तुम्हाला ठणकावून सांगत आले की लहान पिल्लाला मोठी जागा सोसत नाही. तुम्ही डब्याकडे बघून चुकचुकलात की मी भाजलेल्या पोटाचा फोटो पुढे करायची. आज ते वाक्य मला तितकंसं पटत नाही. अमेरिकेच्या आग्नेय भागातल्या ज्या रानात कॉर्न स्नेक अंड्यातून बाहेर येतात, ते काय नऊ लिटरचं असतं? फरक इतकाच की रानात वीतभर अंतरावर सालीखाली, पालापाचोळ्यात, कुठल्याशा बिळात अंग चोरता येतं. म्हणजे माझी चूक चार फुटांची नव्हती, रिकामेपणाची होती. आणि वायरची तर होतीच. तीच पेटी मी करवंट्यांनी, सालींनी, पानांनी गच्च भरली असती, वायर नीट बांधली असती, तर डब्याची गरज पडली असती का? कदाचित नाही. पण त्या दिवशी पोटाला जखम असलेलं, चार आठवडे उपाशी पिल्लू माझ्या हातात होतं. ते खातं का, शी करतं का, जखम चिघळते का, हे मला रोज दिसायला हवं होतं. ते डब्यातच दिसलं. त्या निर्णयाबद्दल मी कुणाची माफी मागणार नाही.

तरी सासूबाई, तुमचं एक म्हणणं मला टोचलं होतं, हे आज कबूल करते. "अगं, तिला सरळ तरी होता येतं का त्यात?" इथली आरएसपीसीए ही प्राण्यांसाठी काम करणारी संस्थाही तेच सांगते, सापाला पूर्ण लांब होता आलं पाहिजे. पहिले काही महिने केशर डब्याच्या कडेने सरळ होऊ शकायची. नंतर नाही. ती ५० सेंटीमीटरची झाली तरी मी भीतीपोटी तिला तिथेच ठेवलं. ते दोनतीन महिने माझ्या खात्यावर आहेत. तेव्हा तुम्ही विचारत होतात ते बरोबर होतं, आणि मी फोटो दाखवून तुम्हाला गप्प करत होते.

भाच्या, तुझ्यासाठी एकच. शेतातलं धामणीचं पिल्लू करवंटीत ठेवायचा विचारही करू नकोस. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडचे साप असे घरात ठेवता येत नाहीत, आणि केशर जन्मापासून माणसांत वाढलेली आहे, तुझी धामण नाही.

गेल्या महिन्यात केशरला पुन्हा त्या चार फुटी पेटीत सोडलं. आता ती ७० सेंटीमीटरच्या पुढे गेली आहे. आत इतकी साल आणि पानं आहेत की लेकीला ती दिवसदिवस दिसत नाही, आणि लेकीची तक्रार आहे की डब्यात निदान भेटायची तरी. रात्री अकरा वाजता मी तापमापक घेऊन दोन्ही टोकं मोजते. परवा मोजत असताना ती काचेला पोट लावून वर चढत होती. कात बऱ्याचदा पडून गेली, तरी मधले पाच खवले अजून वेडेवाकडे आहेत. दोन्ही करवंट्या तिला आता लहान पडतात. पण गार टोकाची मी अजून काढलेली नाही.