आमची वाटचाल: डायनॅमोपासून कॅनच्या दोन तारांपर्यंत

आमच्या बोर्डावर अजून ‘डायनॅमो, सेल्फ, अल्टरनेटर’ एवढंच लिहिलेलं आहे. आज आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक गाड्यांचा या तिन्हींशी काही संबंध नसतो. मीटरवरचे सगळे दिवे एकदम लागले, चालता चालता स्टिअरिंग जड झालं, गिअरबॉक्स एकाच गिअरमध्ये अडकून बसला, अशा तक्रारी घेऊन त्या येतात. त्यातही पिकअप जास्त, आणि आधी कुठेतरी महागडे पार्ट बदलून झाल्यावरच. तरी बोर्ड आम्ही बदललेला नाही. तो काकांनी रंगवून घेतला होता.

काका म्हणजे माझे पहिले भागीदार. नात्याने कोणी नव्हेत, पण वयाने मोठे, आणि आर्मेचर रिवाइंड करायला मी त्यांच्याकडूनच शिकलो. गाड्यांमध्ये मॉड्यूल, म्हणजे एकेक काम सांभाळणारे छोटे कंप्युटर, येऊ लागले तेव्हा त्यांच्या वयाचे बहुतेक वायरमन ‘हे आपलं काम नाही’ म्हणून बाजूला झाले. काका झाले नाहीत. पूर्वी हेडलाइट लागला नाही तर फ्यूज, स्विच, रिले, बल्ब आणि अर्थ बघितलं की विषय संपायचा. आता स्विच नुसती मागणी नोंदवतो, बॉडी मॉड्यूल ती वाचतं आणि दिवा लावायचा की नाही ते ठरवतं. ही बोलाचाली ज्या तारांवरून चालते ती कॅन पद्धत बॉशने १९८६ मध्येच जगापुढे मांडली होती, म्हणजे आमच्या बोर्डाचा रंग वाळायच्या कितीतरी आधी. हे कळल्यावर काका खरोखर चिडले. “एवढी वर्षं आपल्याला कुणी सांगितलं का नाही?”

कॅनच्या दोन तारा, हाय आणि लो, एकमेकींना पीळ घातलेल्या. या जोडीलाच बस म्हणतात. दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर, म्हणून बॅटरी काढून मध्ये मोजलं तर ६०. बस शांत असताना दोन्हींवर अडीच व्होल्ट, बोलताना हाय साडेतीनकडे चढते आणि लो दीडकडे उतरते. हे ज्याला माहीत नाही त्याने आज या धंद्यात नसावं. पण असे आहेत, आणि त्यांची दुकानं आमच्यापेक्षा मोठी आहेत.

अशाच एका दुकानाची ही हकीकत. नाव घेत नाही. मोठा स्कॅनर, काचेचं ऑफिस आणि ‘तासाभरात निदान’ अशी जाहिरात. आमचं निम्मं काम तेव्हा एका कंत्राटदाराकडून येत होतं. त्याच्याकडे पिकअपची रांगच होती. त्यातल्या एका डबल कॅबला विचित्र खोड लागली. सकाळी ठणठणीत, आणि कामावर गेली की कधीतरी मीटर वेडा व्हायचा: एबीएसचा (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा, ट्रॅक्शनचा दिवा, स्पीडचा काटा शून्यावर, स्टिअरिंग दगडासारखं. बंद करून पुन्हा चावी फिरवली तर कधी सेल्फ मारायची, कधी नाही. अर्ध्या तासाने सगळं आपोआप ठीक.

गाडी आधी त्या मोठ्या दुकानात गेली. स्कॅनरने यू०१२१ दाखवला, म्हणजे एबीएस मॉड्यूलशी संपर्क तुटला. त्यांनी एबीएस मॉड्यूल बदललं. गाडी परत आली. मग यू०१००, म्हणजे इंजिनच्या मॉड्यूलशी संपर्क तुटल्याचा, आणि इतर बरेच कोड दिसले, म्हणून गेटवे, म्हणजे गाडीतल्या वेगवेगळ्या बसमध्ये निरोप पोचवणारं मॉड्यूल, बदलला. गाडी पुन्हा परत आली.

इथे जरा थांबतो, कारण हा घोटाळा मी आजही रोज बघतो. संपर्क तुटल्याचा कोड म्हणजे वर्गात हजेरी घेताना एका नावाला ‘हजर’ आलं नाही, एवढंच. मुलगा आजारी आहे, रस्त्यात अडकलाय की वर्गाचं दारच बंद आहे, हे हजेरीपटाला कळत नाही. चाकांचा वेग एबीएस मोजतं, आणि तो इंजिनला हवा, गिअरबॉक्सला हवा, स्टिअरिंगला हवा, मीटरलाही हवा. म्हणून बस कुठेही पडली तरी पहिली बोंब एबीएसच्या नावाने होते. कोड कोणाचा आहे यापेक्षा तो कुणीकुणी नोंदवलाय हे बघा. एकाच मॉड्यूलबद्दल सगळे तक्रार करत असतील तर त्या मॉड्यूलकडे जा, आणि तिथेही आधी त्याचा सप्लाय आणि अर्थ लोडवर, म्हणजे करंट वाहत असताना, तपासा. सगळेच सगळ्यांबद्दल तक्रार करत असतील तर मॉड्यूल सोडा, तारेकडे जा.

या गाडीत सगळे सगळ्यांबद्दल ओरडत होते.

गाडी आमच्याकडे आली. डायग्नोस्टिक पोर्टच्या, म्हणजे स्कॅनर जोडायच्या सॉकेटच्या, ६ आणि १४ नंबरच्या पिनवर काकांनी मल्टीमीटर लावला. ६० ओहम, अगदी सुंदर. याच आकड्यावर आधीच्या दुकानाने ‘वायरिंग ओके’ असा शिक्का मारला होता. पण त्या मॉडेलमध्ये पोर्टच्या मागेच गेटवे बसतो. पोर्टवरून दिसतो तो गेटवेपर्यंतचा छोटा तुकडा. एबीएस, स्टिअरिंग आणि मागचं ट्रेलर मॉड्यूल ज्या बसवर आहेत ती गेटवेच्या पलीकडे. पोर्टवर मोजून तिच्याबद्दल काहीही कळत नाही. आम्ही गेटवेचा कपलर (तारांचा जोड-प्लग) मागून प्रोब करून आतली बस पकडली. तिथेही ६० आणि स्कोपवर, म्हणजे व्होल्टेजची लहर पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रावर, स्वच्छ चौकोनी लहरी. गाडी उभी असताना दोषाचा मागमूस नाही.

तो स्कोप आम्ही कर्ज काढून घेतला होता. दोन चॅनेलचा, लॅपटॉपला जोडायचा. हाय आणि लो एकाखाली एक लावले की दोघी आरशातल्यासारख्या उलट चालताना दिसतात. ५०० किलोबिटच्या बसवर एक बिट दोन मायक्रोसेकंदांचा असतो, तिथे मल्टीमीटर फक्त सरासरी सांगतो. हायवर अडीचच्या थोडं वर, लोवर थोडं खाली. बसवर चुकार क्षण आला आणि गेला तरी मल्टीमीटरच्या गावीही नसतं. कर्जाचे हप्ते चालू असताना धंद्यातले लोक या स्कोपला ‘यांचा टीव्ही’ म्हणायचे.

गाडी आमच्याकडे उभी असतानाच त्या दुकानातून कंत्राटदाराच्या कानावर घातलं गेलं की हे लोक वायरींना सुया टोचतात आणि तुमचा नवा गेटवे यांनीच जाळला. आमच्याकडे इन्सुलेशनला सुई लावायला पहिल्या दिवसापासून बंदी आहे. टोचलेल्या जागेतून पाणी शिरतं आणि काही महिन्यांनी तार आतून हिरवी पडून तुटते. पण कंत्राटदाराला हे कोण सांगणार? त्याने नुकसानभरपाई मागितली, आमची सगळी जुनी बिलं अडवली आणि बाकीच्या गाड्या पाठवणं बंद केलं. त्याच्या ओळखीचे दोघे-तिघेही गेले. हाताखालची मुलं सोडून गेली, त्यातला एक थेट त्याच दुकानात लागला. काकांच्या घरच्यांनी भागीदारी सोडा म्हणून तगादा लावला. काका रोज यायचे, पण हिशेबाची वही उघडायचे नाहीत.

त्या काळात न चुकता येत राहिला तो एकच गृहस्थ. त्याची स्वतःची एकच पिकअप, तीच त्याची रोजीरोटी. आम्ही त्याला म्हटलं, तुमची गाडी ठणठणीत आहे, आम्हाला तिच्या लहरी नोंदवून ठेवायच्या आहेत, काही बिघडलं तर तेव्हा तुलना करता येईल. एरवी कोणी निरोगी गाडी उघडू देत नाही. तो दुपारभर शेजारी बसून राहिला आणि आम्ही तिच्या प्रत्येक बसचं रेकॉर्डिंग घेतलं. आजही आमच्या लॅपटॉपवर ते पहिलं फोल्डर आहे. चांगलं कसं दिसतं हे डोळ्यांत बसल्याशिवाय वाईट ओळखता येत नाही, म्हणून नव्या मुलांना आम्ही आधी तेच उघडून देतो. या माणसाने कधी सवलत मागितली नाही, आणि आम्हीही कधी दिली नाही.

डबल कॅबचा धागा मिळाला तो तिच्या ड्रायव्हरकडून. तोपर्यंत त्याला कोणी काही विचारलंच नव्हतं. काकांनी विचारलं तर तो म्हणाला, “रिकामी असली की कधीच रुसत नाही. हौदा भरला की खड्ड्यात नाटकं करते.”

हौद्यात वाळूच्या गोण्या भरल्या. मी चालवत होतो, काका शेजारी स्कोप मांडीवर घेऊन. खराब रस्त्यावर मीटरवरचे दिवे पेटले आणि पडद्यावरच्या दोन्ही रेघा खाली शून्याजवळ जाऊन सपाट झाल्या. ना वेड्यावाकड्या, ना अर्धवट. गाडी जागेवर आणून, भार तसाच ठेवून, बॅटरी काढून काकांनी ओहम घेतले. हायपासून चासीपर्यंत जवळपास शून्य. लोपासून चासीपर्यंत ६०. या दोन आकड्यांतच उत्तर होतं. हाय चासीला चिकटली होती, आणि लो टोकांच्या रेझिस्टरमधून वळसा घालून तिथेच पोचत होती. उलटं असतं, म्हणजे लो चिकटली असती, तर बऱ्याच गाड्या कण्हत-कुथत का होईना बोलत राहतात. हाय चिकटली की बोलणं ठप्प. गोण्या उतरवल्या तशी शॉर्ट निघून गेली.

आता जागा. त्या गाडीत बसचं एक टोक मागच्या ट्रेलर मॉड्यूलमध्ये आहे आणि दुसरा १२० चा रेझिस्टर तिथेच. गोण्या परत चढवून केबिनखालचा कपलर सोडला. पुढच्या बाजूची शॉर्ट गेली आणि रीडिंग १२० आलं. म्हणजे दोष मागे. पण ‘मागे’ एवढ्यावर काकांचं समाधान नव्हतं. त्यांच्या खिशात काडेपेटीत एक रेझिस्टर असायचा, तपकिरी-लाल-तपकिरी पट्ट्यांचा, दोन्ही पायांना कपलरमध्ये बसतील अशा पिना झाळलेल्या. तो त्यांनी तुटलेल्या टोकाला लावला, म्हणजे बसला खोटा शेवट मिळाला, रीडिंग पुन्हा ६०. याच अवस्थेत भरलेला हौदा घेऊन तोच खराब रस्ता तुडवला. मागच्या मॉड्यूलची अपेक्षित तक्रार सोडली तर मीटरवर काही नाही. स्टिअरिंग हलकं, गिअर नीट बदलत होते.

मग हार्नेसचा, म्हणजे तारांच्या जुडग्याचा, माग. चासीच्या पट्टीवरून जाणारी वायर एका ठिकाणी हौद्याच्या तळाखालून जाते. वर कंत्राटदाराने शिड्या वाहण्यासाठी लोखंडी सांगाडा बसवून घेतला होता, त्याचा एक बोल्ट गरजेपेक्षा लांब. रिकाम्या हौद्यात तो वायरीपासून जरा वर राहायचा. भार आला, खड्डा आला की त्याचं टोक स्लीव्हमधून थेट तांब्यावर.

दुरुस्ती काहीच नव्हती. बोल्ट कापला, क्लिप सरकवली. दोन्ही तारांचे जोड शेजारी न ठेवता मागेपुढे घेतले, क्रिंप करून आतून गोंद असलेली स्लीव्ह तापवून बसवली आणि पीळ जोडाच्या अगदी जवळपर्यंत परत घातला. पीळ उसवून सरळ जोड मारून काळी टेप गुंडाळणारे लोक पुढच्या दोषाचं बीज पेरतात. काढलेलं एबीएस मॉड्यूल आणि गेटवे चांगले होते की नाही, हे कुणी तपासलंच नव्हतं. ते भंगारात गेले होते.

कंत्राटदाराने गाडी नेली आणि या कामाचे पैसे दिले. अडवलेली बिलं अजूनही पूर्ण आलेली नाहीत. ‘तुमचं बरोबर होतं’ एवढं तो कधी म्हणाला नाही, मी अपेक्षाही सोडली आहे. पण ड्रायव्हर लोक आपापसात बोलतात. त्याच्या गाड्या एकेक करून परत आल्या. मालकाने पाठवल्या नव्हत्या, ड्रायव्हरांनी आणल्या. त्या दुकानाने आपलं बोलणं मागे घेतलं नाही.

पुढची बरीच वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. स्कोपचं कर्ज फिटलं. काका आता गुडघ्यांमुळे येत नाहीत. फोनवर गाडीची हकीकत ऐकतात आणि आम्ही काय मोजलं ते विचारतात.

विषय निघालाच आहे तर पिकअपवाल्यांना काही गोष्टी सांगून ठेवतो. ट्रेलरच्या सॉकेटवर आणि फाळक्याजवळच्या कपलरवर प्रेशरने पाणी मारू नका. फाळक्यात कॅमेरा असेल तर उघडझाप होणाऱ्या जागी वायर मोडते, तिथे आधी बघा. ट्रॅकर किंवा जादा दिवे बसवणाऱ्याला कॅनच्या तारा सोलू देऊ नका. चुकीचं बोलणारं एक उपकरण बसवर आलं की दुसऱ्यांचेही निरोप बिघडतात. निरोप पाठवताना चूक झाली की मॉड्यूल स्वतःच्या खात्यावर ८ गुण चढवतं, नीट गेला तर १ उतरवतं, आणि २५५ च्या पुढे गेलं की बसवरून स्वतःला बाजूला काढतं. मग चांगलंच मॉड्यूल मेल्यासारखं दिसतं. वेल्डिंग करायचं तर बॅटरीच्या तारा काढा. आणि सेल्फ मारताना व्होल्टेज फार खाली जात असेल तर कोड वाचण्याआधी बॅटरी बदला, निम्मे कोड तिथेच जातात.

त्या मोठ्या दुकानानेही आता स्कोप घेतलाय म्हणे. तरी त्यांच्याकडच्या काही गाड्या अधूनमधून मधल्या माणसाकरवी आमच्याकडे येतात. कुणाच्या आहेत ते आम्हाला कळतं. आम्ही तपासणीचा पूर्ण आकार लावतो आणि काय मोजलं, कुठे मोजलं, किती आलं हे कागदावर लिहून देतो. तुम्हाला यायचं असेल तर गाडी भरलेली असताना बिघडते की रिकामी, हे आधी बघून ठेवा, आणि कोड पुसून आणू नका.