हिरव्या नकाशात न दिसलेली फुले

जानेवारीतल्या त्या रात्री महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात आकाश निरभ्र होते आणि वाऱ्याची झुळूकही नव्हती. अशा रात्री पाने आपली उष्णता मोकळ्या आकाशात सोडत राहतात. त्यामुळे पहाटे डोक्याएवढ्या उंचीवरचा तापमापक ३ अंश दाखवत असताना स्ट्रॉबेरीची पाने मात्र शून्याखाली गेली होती. थंडीने झालेल्या नुकसानीचा अहवाल द्यायचा म्हणून मी थर्मल कॅमेऱ्याने, म्हणजे वस्तूंचे तापमान चित्रात दाखवणाऱ्या कॅमेऱ्याने, शेत टिपत होते. त्याच्या आकड्यात एक-दोन अंशांची चूक सहज असते, म्हणून बर्फ घातलेल्या पाण्याचे ताट मी वाफ्यातच ठेवले होते आणि त्याच्या शून्य अंशाशी प्रत्येक चित्र ताडून पाहत होते. वरचे वाफे शून्याच्या आसपास होते. ओढ्याकडच्या दगडी बांधालगतचा पट्टा उणे दोनपर्यंत उतरला होता. थंड हवा जड असल्याने उताराने खाली येते, आणि इथे ती बांधाला अडून साचली होती.

उन्हे वर आल्यावर ड्रोनने लाल व निकट-अवरक्त किरणांतली छायाचित्रे घेऊन एनडीव्हीआय नकाशा, म्हणजे पानांचा हिरवेपणा रंगांत दाखवणारा नकाशा, तयार केला, तर सगळे शेत हिरवेगार! शेतमालक आबांनी तो शांतपणे पाहिला आणि म्हणाले, "ताई, ही पानं झाली. आमचा पैसा फुलात असतो." त्यांनी बांधाजवळचे एक फूल खुडून दिले. पाकळ्या पांढऱ्याशुभ्र होत्या, पण ज्याचे फळ व्हायचे तो मधला पिवळा भाग काळा पडला होता.

उमललेले फूल उणे एक अंशाच्या आसपासच दगावते, पाने त्याहून अधिक थंडी सोसतात, आणि पानांना इजा झाली तरी ती या नकाशात उमटायला काही दिवस लागतात. अहवाल मागणाऱ्या कार्यालयांना असा एकच रंगीत नकाशा हवा असतो. त्यावर त्या दिवशी अहवाल दिला असता तर नुकसान शून्य निघाले असते. आम्ही पहाटेच्या चित्रावरून शेताचे तीन पट्टे पाडले आणि प्रत्येकातली फुले हाताने तपासली. बांधालगतची बहुतेक उमललेली फुले गेली होती, वर तुरळकच. मिटलेल्या कळ्या बहुतांशी शाबूत होत्या. म्हणजे तोटा महिनाभरानंतरच्या तोड्यात दिसणार होता, आणि अहवालात तसेच लिहिले.

साचणारी थंड हवा निघून जावी म्हणून बांधात वाट करून द्यावी, असे मी सुचवले. इथल्या पावसात माती वाहून जाईल, ही आबांची शंका रास्त होती. शेवटी थंडीपुरते दगड काढायचे आणि पावसाळ्यापूर्वी पुन्हा रचायचे, असे ठरले.